बाळ गेलं, दूध मात्र आलं: दाटलेली छाती कशी उतरवायची

विट्याजवळच्या एका गावातून एका मुलीनं विचारलंय. तिच्या थोरल्या बहिणीचं बाळ सदतिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. कळा आणून बाळंतपण केलं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. आज चौथा दिवस. काल रात्रीपासून ताईची छाती दगडासारखी झालीय, हात वर होत नाही, ब्लाउज भिजतोय. आईनं जुन्या नऊवारीचा पट्टा फाडून छाती करकचून बांधलीय. शेजारीण म्हणते पाणी तोडा, मावशी म्हणते सगळं दूध पिळून टाका. दवाखान्याच्या कार्डावर याबद्दल एक अक्षर नाही. "दूध आटवायची एक गोळी असते म्हणे, ती मेडिकलमधून आणू का? आणि ताई सारखी एकच विचारतेय, बाळच नाही तर हे आलं कशाला?"

मी एकतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते. आधी माण तालुक्यात, नंतर सांगली-मिरजेकडे. बाळ गेलेली बाई घरी जाताना तिच्या हातात लोहाच्या गोळ्या असतात, टाके कसे धुवायचे ते सांगितलेलं असतं, पण दोन दिवसांनी दूध येणार आहे हे तिला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलं नसतं. ती घरी पोचते आणि मध्यरात्री छाती भरून येते. तेव्हा तिला वाटतं, आपलं काहीतरी भयंकर बिघडलंय. ते बिघडलेलं नाही. जरा सविस्तर सांगते, पण त्याआधी एक काम करा.

तो पट्टा सोडा. आत्ता. बाकीचं नंतर वाचा.

पट्टा काढल्यावर तिला आधार मात्र हवा. नुसती मोकळी छाती वजनानं ओढते आणि जास्त दुखते. सुती, तार नसलेली, मापाची ब्रा घाला. तिची नेहमीची आता बसणार नाही, एक माप मोठी लागेल. ती घातल्यावर पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, खालच्या पट्टीत दोन बोटं सहज शिरली पाहिजेत आणि काढल्यावर अंगावर वळ दिसता कामा नयेत. रात्रीही राहू द्या. ब्राची सवय नसेल तर जुना, सैल पडलेला सुती ब्लाउज चालेल, खालचे हुक लावून वरचे उघडे ठेवायचे. आत ठेवायला जुन्या मऊ साडीचे किंवा धोतराचे चौकोन कापून चार पदरी घड्या करा, धुऊन, उन्हात वाळवून ठेवा. भिजली की लगेच बदला. ओलं कापड तासन् तास राहिलं की बोंडांची कातडी पांढरी पडून सोलवटते.

आईला रागावू नका. तिच्या आईनं तिला तेच शिकवलंय, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेच शिकवलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा ज्या वॉर्डात शिकले, तिथं बाळ गेलेल्या प्रत्येक बाईच्या छातीला रुंद पट्टी बांधायची पद्धत होती, जितकी घट्ट तितकं चांगलं. मीही बांधल्या, कित्येक. त्यातली एक आठव्या दिवशी परत आली. डाव्या बाजूला लालभडक गाठ, अंगात ताप, थंडी वाजतेय. आत पू झाला होता, चीर देऊन काढावा लागला. बाळ गेलेल्या बाईला वर ही जखम, रोजचं ड्रेसिंग. ती बिचारी मलाच विचारत होती, "सिस्टर, मी पट्टी नीट ठेवली नाही का?" तिनं नीट ठेवली होती. मी बांधलेली पट्टीच चूक होती. घट्ट बांधलं की दुधाच्या नळ्या जिथं दबतात तिथं दूध अडकतं, गाठ होते, गाठ सुजते, आणि त्या सुजेत जंतू शिरले की पू. दूध लवकर आटतं म्हणावं तर तेही नाही. फक्त दुखणं वाढतं.

आता ताईचा प्रश्न. तो वैद्यकीय प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिला मिळालंच पाहिजे, कारण मनातल्या मनात ती त्याचं भलतंच उत्तर देत बसलेली असते.

दूध बाळामुळे येत नाही, वार पडल्यामुळे येतं. पोटूशी असताना साधारण चौथ्या महिन्यापासूनच छाती दूध करायला तयार झालेली असते, चीक तेव्हापासून असतो. पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्याला धरून ठेवतं. बाळंतपण झालं, वार बाहेर आली की हा दाब एकदम उतरतो. दूध करवणारं प्रोलॅक्टिन तर रक्तात भरपूर असतंच. मग दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या मध्ये दूध भरतं. नॉर्मल असो, सिझर असो, बाळ कुशीत असो वा नसो. पाचव्या महिन्यात गर्भ गेलेल्या बायकांनाही म्हणूनच दूध येतं, आणि त्या तर जास्तच घाबरतात, कारण त्यांना "बाळंतीण" असं कुणी म्हणतच नाही. तेव्हा ताईला सांगा, हा वारेचा हिशोब आहे. तिनं बाळाची आठवण काढली म्हणून आलं नाही, आणि आठवण काढली नसती तर आलं नसतं असंही नाही.

दुसरी गोष्ट, ही जी दगडी सूज आहे ती सगळी दुधाची नाही. त्या दिवसांत छातीकडे रक्त जास्त येतं आणि पेशींमध्ये पाणी साठतं. म्हणून कितीही पिळलं तरी छाती मऊ पडत नाही, पिळणारी दमते आणि जिची छाती ती कळवळते. तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची: भरलेली छातीच दूध थांबवते. दूध आत साठून राहिलं की छातीला निरोप जातो, आता पुरे. रिकामी केली की निरोप जातो, संपलं, आणखी कर. मावशीचं ऐकून सगळं पिळून काढलंत तर चार तासांनी तेवढंच पुन्हा भरेल, आणि जे आठ दिवसांत उतरणार ते महिनाभर चालेल.

पण म्हणून "हातच लावायचा नाही" हेही नको. वॉर्डात मी दोन्ही टोकं पाहिलीत. काहीच न काढता, दुखणं दातावर दात धरून सोसलेल्या बायकांनाही गाठी होतात. मधला रस्ता असा: असह्य ताण आला की तो ताण उतरेल एवढंच काढायचं. छाती मऊ होईपर्यंत नाही. दुखणं दहातलं आठ असेल तर चार-पाचावर आलं की थांबायचं.

काढायचं कसं ते नीट वाचा, कारण इथंच चूक होते. हात साबणानं धुवा. हे तिनं स्वतःच करावं, तिलाच कळतं कुठं किती दुखतंय. पाठ टेकून बसावं, समोर वाटी धरावी. अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडाच्या टोकापासून दोन-अडीच सेंटीमीटर मागे, गडद कातडीच्या कडेला. बोंड चिमटीत धरून ओढायचं नाही, त्यातून काही निघत नाही, नुसतं सोलतं. बोटं आधी सरळ मागे, बरगडीकडे दाबायची, मग हलकेच एकमेकांकडे आणायची, सोडायची. दाब, आण, सोड. पहिली दहा-पंधरा वेळा काहीच येत नाही, मग थेंब येतात, कधी बारीक धार लागते. बोटं घड्याळाच्या काट्यासारखी थोडी फिरवून दुसऱ्या जागी तसंच. एका बाजूला एक-दोन मिनिटं. दोन-चार चमचे दूध निघालं आणि गडद भागाभोवतीचा ताण सैल झाला की पुरे. गडद भाग इतका ताठ असेल की बोटं रुतत नाहीत, तर आधी मिनिटभर बोटांच्या टोकांनी त्याच्याभोवती हलका, सारखा दाब देऊन ठेवावा, म्हणजे सूज मागे सरते. पहिल्या दिवशी हे चार-पाच वेळा लागेल, दुसऱ्या दिवशी तीन, मग रात्री झोपताना एकदा. पंप आणू नका. पंप लावला की माणूस घड्याळ आणि बाटली बघतो, आणि जास्त काढलं जातं.

थंड शेकासारखा दुसरा सोबती नाही. फ्रिज असेल तर दोन नॅपकिन ओले करून, पिळून, पिशवीत घालून गार करा. बर्फ असेल तर सुती कापडात गुंडाळून, थेट कातडीवर नाही. पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग काढायचा, तासा-दोन तासांनी पुन्हा. फ्रिज नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकंही चालतं, फक्त वरचेवर बदलावं लागतं.

कोबीची पानं लावतात हे तुम्ही ऐकलं असेल. खरं आहे, आराम पडतो, साधारण थंड पट्टीइतका. आपल्याकडे कोबी कुठल्याही बाजारात मिळतो, तेव्हा करून बघायला हरकत नाही. पानं धुऊन गार करा, जाड शीर लाटण्यानं चेपा, बोंड उघडं ठेवून ब्राच्या आत ठेवा, मलूल झाली की बदला. कातडीला खाज आली तर बंद करा. मोगऱ्याच्या फुलांचीही एक रीत आहे, दक्षिणेत फार. १९८८ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी साठ बायकांवर फुलं आणि गोळी यांची तुलना करून छापली होती आणि फुलांनीही दूध कमी झालेलं त्यांना दिसलं. अभ्यास छोटा आहे, त्यावर सगळी मदार ठेवू नका. पण घरच्या म्हातारीनं प्रेमानं मोगरा आणला तर फुलं सैल ठेवू द्या. फुलांच्या निमित्तानं पुन्हा पट्टा नको, एवढंच बघा.

शेक-शेगडी छातीला नको. पाठीला, कमरेला हवा तर थोडा द्या, पण छातीवर गरम तेलाचं मालीश, तव्यावर गरम केलेली विड्याची पानं, कढत पाण्याचा मारा, हे सगळं दूध वाढवतं, सूज वाढवतं, आणि दोनदा तर मी भाजलेली कातडी पाहिलीय. आंघोळ करताना तिनं पाण्याकडे पाठ करून बसावं. मालीशवाली बाई येत असेल तर तिला स्पष्ट सांगा, छाती सोडून. गाठी चेपून फोडायचा तिला मोह होतो, आणि त्यानं आतल्या नळ्या दुखावतात.

पाणी तोडू नका. पाणी कमी प्यायल्यानं दूध आटत नाही, बाई आटते. बाळंतपणात रक्त गेलंय, तहान लागेल तेवढं पाणी, ताक, वरणाचं पाणी द्या. जेवण पूर्ण द्या. दूध वाढावं म्हणून जे देतात, अळिवाची खीर, शतावरी कल्प, मेथीचे लाडू, तेवढं फक्त थांबवा. अळीव आणून ठेवले असतील तर डबा तिच्या नजरेआड करा. तो डबा बघून रडलेल्या बायका मला आठवतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. ६५० मिलिग्रॅमची एक गोळी सहा तासांनी, दिवसात चार. दोन-तीन दिवस दुखायची वाट न बघता वेळेवर दिली तर चांगलं. आयब्युप्रोफेन सुजेवर जास्त चालते, पण बीपी वाढलेलं असेल, किडनीचा, जठरव्रणाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर नको, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच.

आता गोळी, म्हणजे दूध आटवायची. नाव कॅबरगोलिन. चांगलं औषध आहे आणि ज्या बाईला चालतं तिला बाळंतपणानंतर चोवीस तासांच्या आत १ मिलिग्रॅमचा एकच डोस दिला तर बऱ्याचदा दूध भरतच नाही. म्हणून मी म्हणते, हे वॉर्डातच विचारायला हवं होतं. दूध भरल्यानंतरही देता येतं, तेव्हा पाव मिलिग्रॅम बारा तासांनी असं दोन दिवस देतात. म्हणजे ताईची वेळ गेलेली नाही. पण मेडिकलमधून तुम्ही परस्पर आणू नका, आणि हे मी उगाच नियम म्हणून सांगत नाही.

नवव्या महिन्यात बाळ पोटात जाण्याची जी कारणं आहेत, त्यात आईचं बीपी वाढणं हे मोठं कारण आहे. पाय सुजणं, लघवीतून प्रथिनं जाणं, डोकं ठणकणं ही त्याची लक्षणं. आणि बीपी वाढलेल्या बाईला नेमकी हीच गोळी द्यायची नसते. म्हणजे ज्यांना ही गोळी हवीशी वाटते, त्यांच्यातल्याच पुष्कळ जणींना ती धोक्याची. बाळंतपणानंतरही बीपी वाढू शकतं, तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास ते जास्त चढतं. तेव्हा आधी आज बीपी मोजून घ्या. गावच्या उपकेंद्रात, आशाताईला सांगून, कुठंही. दुसरं, कार्ड काढून बघा, रक्तस्रावासाठी मेथर्जिनच्या गोळ्या चालू आहेत का. मेथर्जिन आणि कॅबरगोलिन एकाच कुळातली औषधं आहेत, दोन्ही एकत्र चालत नाहीत. तिसरं, हृदयाच्या झडपेचा आजार, किंवा पूर्वी कधी बाळंतपणानंतर मन भ्रमिष्ट झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तेव्हाही ही गोळी नको. हे सगळं निस्तरलं आणि डॉक्टरांनी लिहून दिली, तर जेवणानंतर घ्यायची आणि तासभर पडून राहायचं. चक्कर येते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळतं. एकटीला संडासला पाठवू नका त्या दिवशी.

आणखी एक नाव कुणी सांगेल, ब्रोमोक्रिप्टिन. ही जुनी गोळी. हिच्यामुळे काही बाळंतिणींना झटके आले, मेंदूत रक्तस्राव झाला, म्हणून अमेरिकेत १९९४-९५ मध्येच दूध आटवण्यासाठी तिचा वापर बंद केला. त्याआधी इस्ट्रोजेनची इंजेक्शनं देत, त्यानं पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. घरातल्या कुणाला "आमच्या वेळी एक इंजेक्शन मिळायचं" असं आठवत असेल, तर ते हेच असावं. ते शोधू नका.

गोळी नाही मिळाली म्हणून काही अडत नाही, हे ताईला आवर्जून सांगा. आधार, थंड पट्टी, पॅरासिटामॉल आणि थोडंसं दूध काढणं यावरच बहुतेक बायकांचं दूध उतरतं. दोन-तीन दिवस वाईट जातात. मग रोज थोडं हलकं होतं, आठ-दहा दिवसांत छाती मऊ होते. थेंब थेंब गळणं काही आठवडे राहू शकतं, तो आजार नाही. काखेत लिंबाएवढी मऊ गाठ आली तर दचकू नका. काही जणींना काखेतही दुधाच्या पेशी असतात, त्या फुगतात. तिला दाबायचं नाही, गार कापड ठेवायचं, ती आपोआप बसते.

"दुधाचा ताप आहे, जाईल" हे वाक्य मात्र मला कधीच आवडलं नाही. दूध भरताना अंग थोडं कोमट होतं हे खरं. पण बाळंतिणीचा ताप १०० पूर्णांक ४ च्या वर गेला तर तो दुधाचा समजून घरात बसायचं नाही. पिशवीत जंतुसंसर्ग असू शकतो, टाक्यात असू शकतो, छातीत असू शकतो. थर्मामीटर आणा, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. छातीवर एका बाजूला लाल, कढत पट्टा दिसला, थंडी वाजली, अंग मोडून आलं, किंवा अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत असेल तर त्याच दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर सांगली-मिरजेला. छातीत जंतुसंसर्ग झाला तर दूध अडवून धरायचं नसतं, तेव्हा हिशोब उलटा होतो, मोकळं करत राहावं लागतं आणि सोबत अँटिबायोटिक लागतं, म्हणून डॉक्टरांना दाखवायचंच. आणि जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, पोटात वरच्या बाजूला दुखणं, एका पोटरीला सूज, धाप, किंवा तासाला एक पॅड भिजेल असा रक्तस्राव, यातलं काहीही झालं तर थेट १०८ बोलवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी चं इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) दिलंय का तेही कार्डावर बघा. ते ७२ तासांत द्यायचं असतं, पण राहिलं असेल तर उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, आजच विचारा.

हे वाचणाऱ्यांत अशीही कुणी असेल जिचं बाळ पंधरा-वीस दिवस काचेच्या पेटीत होतं, ती दर तीन तासांनी दूध काढून देत होती, आणि मग बाळ गेलं. तिनं एकदम थांबवायचं नाही. तिची छाती आठ वेळा काढायला सरावलेली असते. दर दोन-तीन दिवसांनी एक वेळ कमी करायची, उरलेल्या वेळी थोडं कमी काढायचं, असं दोन-तीन आठवड्यांत उतरवायचं. तिच्यापुढे आणखी एक वाट असते, दूध पेढीला, म्हणजे दुसऱ्या आजारी बाळांसाठी आईचं दूध जमवणाऱ्या केंद्राला, दूध देण्याची. आपल्याकडे मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूध पेढी सुरू केली, आता सरकारी मोठ्या रुग्णालयांतही अशी केंद्रं निघालीत. ज्या वॉर्डात बाळ होतं तिथल्या सिस्टरला विचारावं. काहींना त्यात समाधान मिळतं. काहींना तो विचारही सोसत नाही. पुण्य लागेल म्हणून कुणी तिला भरीस पाडू नये, आणि तिनं स्वतः विचारलं तर कुणी अडवूही नये.

गळीत हंगामात कारखान्याच्या फडावरून आलेली एक ऊसतोडीची बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आठव्या महिन्यात बाळ मृत जन्मलं होतं. जागा नव्हती म्हणून तिला बाळवाल्या बायकांच्या रांगेतच खाट दिली होती. संध्याकाळी शेजारच्या खाटेवरचं बाळ रडायला लागलं आणि हिच्या चोळीवर दोन ओले गोल उमटले, बघता बघता मोठे झाले. तिनं पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. मराठीत याला पान्हा फुटणं म्हणतात. शब्द कौतुकाचा आहे, पण त्या वेळी तो कुणाच्या तोंडून निघाला नाही. मी तिची खाट उचलून औषधांच्या खोलीत नेली, नियमात बसत नव्हतं तरी नेली. ताईच्या बाबतीत हे ध्यानात ठेवा. कुणाचं बाळ रडलं, टीव्हीवर पाळणा दिसला, नुसती आठवण आली, तरी छातीत मुंग्या येऊन दूध सुटेल. त्या वेळी दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन मिनिटभर तळव्यानं दाबून धरलं तर गळणं थांबतं. बाहेर जाताना गडद रंगाचा ब्लाउज, आत दोन घड्या. आणि घरात कुणी "अगंबाई, अजून येतंय का?" असं विचारू नये.

काढलेलं दूध कुठं टाकायचं, हे कुणी मोकळेपणानं विचारत नाही, पण प्रत्येकीच्या मनात असतं. मोरीत ओततांना हात थरथरतो. आमच्याकडच्या बायका कुणी तुळशीत, कुणी अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी, कुणी कृष्णेत सोडत. ताईला जे बरं वाटेल ते करू द्या. त्यात शास्त्र नाही, आणि त्याला आडवं जाण्याचंही काही कारण नाही.

आशाताईला तुम्ही होऊन बोलवा. बाळंतपणानंतर घरी यायच्या तिच्या भेटी ठरलेल्या असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पण त्या बाळाला बघायला म्हणून आखलेल्या, त्यामुळे बाळ नसलं की ती संकोचते, यायचं टाळते, आणि आईचं बीपी, ताप, टाके कुणीच बघत नाही. "बाळ नाही, पण बाळंतीण आहे, तिला बघायला ये" असं सरळ सांगा. दोन आठवड्यांनंतरही ती जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा कधीही जगून काय करू असं म्हणाली तर १४४१६ हा टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फोन तुम्ही लावून द्या, तिच्याकडून लावून होणार नाही.

एक गोष्ट दाजींच्या कानावर घाला, तुम्हाला अवघड वाटत असेल तर आशाताईकडून. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते, पण जिचं दूध थांबतं तिला पाळी यायच्या आधीच, पंचविसाव्या दिवसाच्या सुमारासही दिवस जाऊ शकतात. पुढचं बाळ कधी, हे तिचं शरीर भरून आल्यावर आणि या वेळी काय झालं ते डॉक्टरांकडून समजल्यावर दोघांनी ठरवावं, तोवर निरोध वापरावा.

तर आज इतकं करा. पट्टा सुटला असेल. दोन नॅपकिन गार करायला ठेवा, तोवर तिला पोटभर जेवू घाला आणि पॅरासिटामॉल द्या. बीपी मोजून घ्या आणि आकडा कागदावर लिहा. झोपताना पाठीवर किंवा कुशीवर, छातीखाली मऊ उशी, अंगाखाली जाड टॉवेल. रात्री दोनच्या सुमारास ती दुखण्यानं उठेल, तेव्हा तुम्हीही उठा, वाटी आणि दिवा धरा, दोन मिनिटं काढू द्या, गार कापड बदला. उद्या सकाळी ताप किती, बीपी किती, छाती कालच्यापेक्षा कशी, एवढं मला कळवा.